गाळणीतून आयटी पास

व्याज खायचं नाही, हे लहानपणापासून ठाऊक. पण मग साठलेल्या पगाराचं करायचं काय? एफडी बाद, बाँड बाद. शेअर चालतात, कारण तिथे नफ्यातोट्यात भागीदारी असते. अर्थात त्यालाही गाळणी आहेच. दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका बाहेर. बहारीनच्या 'आयोफी' संस्थेच्या निकषांप्रमाणे कंपनीचं व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३०% च्या आत हवं, निषिद्ध उत्पन्न ५% च्या आत. तेवढा हिस्साही आपल्या कमाईतून काढून दान करायचा. (एक्सेल शीट बनवली, हे सांगायला नकोच.)

गंमत म्हणजे निफ्टी ५० शरिया इंडेक्समध्ये मोठ्या आयटी कंपन्या आरामात बसतात. कर्ज नगण्य ना! पण त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? बँका आणि वित्तसंस्था. गाळणी कंपनीचा धंदा बघते, गिऱ्हाईकाचा नाही.

शेअरचं ठीक आहे हो, पगाराचं काय? नवीन प्रोजेक्ट क्रेडिट कार्डांचा आहे आणि माझ्या वाट्याला आलंय व्याज मोजायचं मॉड्यूल. मौलाना म्हणाले, "लॉगिनचं काम कर, व्याजाचं नको." बायको म्हणते, "आधी दुसरा प्रोजेक्ट मिळू दे, मग नाही म्हण." सोमवारी मॅनेजरशी बोलणार आहे.