उतरायचं कुठे?

प्रवासाचं ठरलं की आमच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो उतरायचा. हॉटेलात, की गावातल्या कुणाच्या घरी? भाडं, एसी, गाडी लावायला जागा असा हिशोब मांडून तो सोडवता येतो. मी मात्र त्याच्याआधी स्वतःला विचारते, या खेपेला पाहुणी होण्याइतकी मी मोकळी आहे का? कारण हॉटेल आपल्याकडून पैशांपलीकडे काही मागत नाही. घर मागतं.

कोकणात हे फार जवळून कळतं. बागमांडल्याहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी येते आणि तिथून बाणकोटच्या बाजूनं रस्ता वेळासला जातो. मंडणगड तालुक्यातलं हे लहानसं गाव, नाना फडणविसांचं. 2002 पासून चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखू लागली. मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी पुरते आणि मागं वळून न पाहता समुद्रात जाते. ती अंडी कुंपणाच्या आत हलवली जातात आणि दीडदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. ती बघायला माणसं येऊ लागली, तेव्हा गावानं त्यांच्यासाठी आपली घरंच उघडली. पूर्वी जिथून अंडी चोरीला जात, तो किनारा गाव आता जिवापाड जपतं. कासव जगलं तर घरातही चार पैसे येतात, हे साधं गणित त्यामागं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

अशा घरात पोचलं की आपलं घड्याळ बाजूला राहतं आणि घराचं सुरू होतं. संध्याकाळीच विचारणा होते, “उद्या सकाळी किती जण? आंबोळ्या चालतील ना?” पीठ रात्रीच आंबायला ठेवायचं असतं, त्यामुळे उद्याची भूक आजच सांगावी लागते. पहाटे न्हाणीघराकडून हाक येते, “पाणी तापलंय हो, घ्या आंघोळी आटपून.” दुपारी पानात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, आगरातल्याच नारळाची सोलकढी. जेवणं झाली की पडवीत आजोबा विचारतात, आडनाव काय, गाव कुठलं तुमचं? मग आपणही बसायचं, सांगायचं, यंदा आंब्याला मोहोर कसा आहे ते ऐकायचं. हे बसणं, हे ऐकणं म्हणजे आपला वाटा. तो न देता आपण फक्त खोलीत राहून आलो, तर त्या घराला आपण लॉज करून टाकलं.

घरी पाहुणे उतरवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यात घरमालकानं त्याच घरात राहिलं पाहिजे आणि सहापेक्षा जास्त खोल्या देता येत नाहीत, अशी अट आहे. मला ती अट आवडते. सहा खोल्यांपर्यंत घरच्या काकूंना प्रत्येकाचा चेहरा आणि तिखटाची सवय लक्षात राहते. त्यापुढं वही लागते.

तरीही आईला घेऊन निघाले की मी हॉटेल निवडते. आयुष्यभर तिनं घर चालवलं आहे. दुसऱ्याच्या घरात ती पाहुणी राहूच शकत नाही. वाल सोलायला बसते, ताटं उचलते, यजमानीण दमलेली दिसली की पदर खोचून उभी राहते. तिच्या वयाला विसावा हवा आणि तो तिला अशाच जागी मिळतो, जिथं स्वयंपाकघर डोळ्यांआड असतं. हॉटेलातल्या पांढऱ्या चादरीवर पाय पसरून सकाळचे नऊ वाजू देणारी आई मी पाहिली आहे. तो आनंद कुठल्याही घरगुती जेवणापेक्षा कमी प्रतीचा आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. आजारपणात, दुःखात, रात्री-अपरात्री पोचायचं असेल तेव्हाही मला हॉटेलच हवं असतं. त्या वेळी कुणी आपुलकीनं चौकशी केली तरी उत्तर द्यायला बळ नसतं.

यजमानीणबाईंच्या बाजूनं पाहिलं, तर गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याही पहाटे उठतात, त्याही दिवसभर चुलीपाशी असतात. पण घरोघर फुकट धरलं जाणारं ते काम इथं मोजलं जातं आणि त्याचे पैसे घरात येतात. म्हणून घरगुती मुक्कामाच्या दरात घासाघीस करू नये. ते पैसे त्यांच्या हातात द्यावेत.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नाशिक-त्र्यंबकेश्वरला यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरी उतरत. उपाध्याय वही काढत आणि आजा-पणजाची नावं वाचून दाखवत. नाव सांगितलं की दार उघडे. याच देशात नावानंच दारं बंदही झाली. बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी 1917 साली परदेशातून परतलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात उतरायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पडवीतला आडनावाचा प्रश्न माझ्या कानाला गोड लागतो, कारण मला त्याची किंमत कधी मोजावी लागली नाही. ज्यांना ती मोजावी लागते, त्यांच्यासाठी ओळखपत्र बघून निमूट किल्ली देणारं काउंटर हाच सन्मान असतो.

म्हणून हॉटेल की घर, याचं एकच उत्तर मी कुणाला देत नाही. बरोबर कोण आहे, अंगात किती उसंत आहे आणि समोरचं दार आपल्याला कसं घेईल, हे पाहून ठरवावं. घर निवडलं तर जेवायला वेळेवर यावं, किती माणसं ते आधी कळवावं, पडवीत थोडं बसावं. आणि जी घरं आडनाव न विचारता सगळ्यांना एकाच पंगतीला बसवतात, त्यांचे पत्ते मी जपून ठेवते आणि निघणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून देते. अशी घरं गावोगाव वाढावीत, असं मला मनापासून वाटतं. वेळासनं कासवांच्या निमित्तानं दारं उघडली. माणसांसाठी तर ती केव्हाच उघडायला हवी होती.