रंग लागण्याआधी पाहावी नौका

हर्णैला येणारा पाहुणा बहुधा दोन गोष्टी पाहायला येतो. एक म्हणजे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात ठाण मांडून बसलेला सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराशी ज्याचे नाव जोडले गेले आणि जो १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने इंग्रजांसाठी घेतला, तोच हा किल्ला. दुसरी म्हणजे मासळीचा लिलाव. दुपार कलली की नौका किनाऱ्याकडे येऊ लागतात, मासळीच्या टोपल्या वाळूवर उतरतात आणि सुरमई, पापलेट, कोळंबीच्या राशींभोवती बोली सुरू होते. कोळणींचे चढे आवाज, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा खडखडाट आणि पाण्यात अर्ध्या चाकांपर्यंत उतरणाऱ्या बैलगाड्या हे इथले वर्षानुवर्षांचे चित्र. पाहुणा ते डोळ्यांत साठवतो, दोन पापलेटे घेतो आणि परततो.

हर्णैचे तिसरे दर्शन मात्र पावसाळ्याच्या तोंडावर घडते आणि तेव्हा पाहुणे नसतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते. हर्णैचा किनारा उघडा, वाऱ्याला आडोसा कमी. म्हणून नौका जवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत आणि आजूबाजूच्या आसऱ्याच्या जागी जातात. काही किनाऱ्यावर ओढल्या जातात, झावळ्या-ताडपत्रीखाली शाकारल्या जातात. एरवी पाण्याखाली लपलेले त्यांचे पोट त्या दिवसांत उघडे पडते. जुनी नौका घेण्या-विकण्याची बोलणी करायला याहून चांगले दिवस नाहीत.

आयुष्यातली पहिली नौका घेणारा बहुधा तरुण खलाशी असतो. दहा-बारा वर्षे दुसऱ्याच्या नौकेवर राबलेला, आता स्वतःच्या नावाने समुद्रात जाऊ पाहणारा. नवी नौका आवाक्याबाहेरची, म्हणून तो जुनी शोधतो. त्यासाठी सोसायटीचे कर्ज निघते, घरातले दागिने गहाण पडतात. हा सौदा फसला तर नुकसान पैशांवर थांबत नाही. त्या नौकेवर उद्या पाच-सहा माणसे चढणार असतात आणि त्यांची घरे किनाऱ्यावर वाट पाहत असतात.

झाकलेले पोट

जाणत्या तांडेलांचा पहिला सल्ला अगदी साधा असतो. नौका रंग लागण्याआधी पाहा. नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावर रंगाचे डबे उघडतात. निळ्या-पांढऱ्या-केशरी पट्ट्यांनी दहा वर्षांची नौकाही नवरीसारखी सजते. रंगाखाली भरलेली भेग, नव्या फळीशेजारची कुजकी फळी, लांबीने बुजवलेले भोक मग दिसत नाही. जूनमध्ये हेच सगळे उघड्यावर असते.

लाकडी नौका असेल तर आधी लांबून पाहावी. मागे उभे राहून नाळेपर्यंत नजर टाकली की तळाचा कणा सरळ आहे की मधेच वर उचलला गेला आहे, ते कळते. कणा वाकलेल्या नौकेचे सांधे पुन्हा पुन्हा उघडत राहतात. हर्णैसारख्या उघड्या किनाऱ्यावर नौका वाळूला घासतात, आपटतात. त्यामुळे कण्याची खालची बाजू आणि सुकाणूचे बिजागर नीट पाहणे आवश्यकच.

मग टोच्या घेऊन फळ्या टोचून पाहाव्यात. चांगले लाकूड टोक आत घेत नाही, कुजलेले लोण्यासारखे घेते. खिळ्यांभोवती काळे-तांबडे डाग पडले असतील तर खिळे गंजले आहेत असे समजावे. याहून कपटी शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा. खरे तर तो शिंपल्याच्या कुळातला जीव. लहानपणी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आत बोटाएवढी बिळे करतो. वरून फळी अखंड दिसते, आतून पोकळ झालेली असते. म्हणून नुसती नजर पुरत नाही, हातोडीने ठोकून आवाजही ऐकावा लागतो.

नवख्याला ठाऊक नसते की लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लवकर कुजते. म्हणून पावसाचे पाणी साचणारे कोपरे, डेकच्या खालचे वासे आणि विशेषतः बर्फ ठेवण्याचा खण तपासावा. वितळलेल्या बर्फाचे पाणी तिथे वर्षानुवर्षे झिरपत असते.

फायबरच्या नौकेला कीड लागत नाही, म्हणून ती निर्धोक असा अनेकांचा समज असतो. पण फायबरचे थर एकमेकांपासून सुटतात. लाकडी मुठीने अंगभर ठोकत गेले तर चांगल्या जागी खणखणीत आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील तर पाणी आत शिरले आहे हे ओळखावे. फायबरच्या आत बसवलेले लाकडी आधारही ओलाव्याने कुजतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ही नौका कुठे होती? त्या वादळाने दापोली आणि मंडणगडच्या किनाऱ्याला मोठा तडाखा दिला. तेव्हा आपटलेली नौका दुरुस्त होऊन उत्तम चालतही असेल, पण दुरुस्ती कुठे आणि कशी झाली, हे घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे.

थंड इंजिन, खरे इंजिन

नौकेच्या किमतीत इंजिनाचा वाटा मोठा. विकणारा बहुधा आधीच इंजिन गरम करून ठेवतो, कारण गरम इंजिन एका झटक्यात सुरू होते. आपण जाण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका, असे स्पष्ट सांगावे आणि पोहोचल्यावर हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी.

तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. सुरू केल्यावर धूर पाहावा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. काळा धूर टिकला तर डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही गेला नाही, तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता असते. कोकणातल्या कित्येक नौकांवर मालमोटारीचे इंजिन समुद्रासाठी बदलून बसवलेले असते. त्यात वाईट काही नाही, पण खाऱ्या पाण्याने थंड होणारे भाग किती गंजले आहेत, ते उघडून पाहावे.

किनाऱ्यावरची तपासणी कितीही बारकाईची असली, तरी शेवटचा निकाल पाण्यातच लागतो. म्हणून बयाणा देतानाच पाण्यातल्या चाचणीची अट घालावी. भरतीला नौका बाहेर काढून निदान दोन तास चालवावी. निघताना तळात किती पाणी होते आणि परतताना किती झाले, ते मोजावे. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे थेंब-थेंब पाणी येणे स्वाभाविक आहे, धार लागणे नाही. बरोबर आपल्या विश्वासातला मेकॅनिक आणि सुतार न्यावा. विकणाऱ्याने आणलेला नव्हे.

कागदांचे पोट

लाकडाइतकीच कीड कागदांनाही लागते. नौकेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक, तसेच इंजिनाचा क्रमांक जुळवून पाहावा. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी एका पळवलेल्या मच्छीमार नौकेचा वापर करून आले. त्यानंतर नौकांची तपासणी कडक झाली आहे. क्रमांक न जुळणारी नौका समुद्रात अडवली गेली तर जाब नव्या मालकालाच द्यावा लागतो.

नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा, हे विसरू नये. परवाना कोणत्या जाळ्याचा आहे, हेही वाचावे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये कडक निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. ‘पर्ससीनची नौका’ म्हणून चढी किंमत मोजायची आणि परवानाच चालू नाही असे पुढे कळायचे, हा घाटा दुरुस्तीने भरून निघत नाही. डिझेलवरच्या कराचा परतावाही कागद चोख असतील तरच मिळतो.

नौकेवर बँकेचे, सोसायटीचे वा राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतले कर्ज बाकी नाही, याचा लेखी दाखला घ्यावा. पुष्कळदा नौका भावाभावांच्या भागीदारीत असते. एकाने विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, तर ऐन हंगामात नौका किनाऱ्यावर उभी राहते. म्हणून सर्वांच्या सह्या हव्यात. हे कागद घरातल्या बाईने जरूर वाचावेत. मासळीचा रोजचा हिशेब तीच ठेवत असते आणि गहाण पडणारे दागिने तिचेच असतात.

शेवटी, सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. दुरुस्तीसाठी, आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट, वायरलेस, अग्निशामक यांसाठी रक्कम बाजूला ठेवावी. जुन्या नौकेबरोबर मिळणारी जाकिटे बहुधा तिच्याहून जुनी असतात.

नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला जातो, नौका नव्या रंगात झळाळू लागतात. तेव्हा किनाऱ्यावर उभे राहून कोणती नौका भक्कम आणि कोणती पोकळ, हे सांगता येत नाही. ते फक्त तिच्या मालकाला माहीत असते, तेही त्याने जूनमध्ये वाळूवर बसून तिचे पोट पाहिले असेल तर.

कसे जाल? कोकण रेल्वेने खेड स्थानकावर उतरून एसटीने दापोली आणि तिथून हर्णै गाठता येते. लिलावासाठी हिवाळा उत्तम. जवळच कनकदुर्ग, मुरूडचा किनारा आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहे. सुवर्णदुर्गावर जायला होडी मिळते, मात्र पावसाळ्यात तो विचार करू नये. आणि होडीत बसण्यापूर्वी जाकीट मागायला लाजू नये.