पणत्यांच्या डब्यातील वाटी

आमच्या घरातील अभ्यंगाची चांदीची वाटी एका दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. त्या आठवड्यात दारी पुष्कळ माणसे येऊन गेली होती: दूधवाला, शिकवणीची मुले, दोन पाहुणे आणि सीताफळे विकणारी पारध्यांची एक बाई. चोर कोण, यावर घरात वाद असा झालाच नाही. ती बाई ओसरीच्या आत आली नव्हती, हे सर्वांनी पाहिले होते. आम्ही चौकीवर गेलो, जात सांगितली, आणि तेवढा पुरावा तेथेही पुरला. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यास पालावरून नेले.

पारध करणारा तो पारधी, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि यादीत चढलेल्या जमातींचे मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. सोलापुरास तर त्यांची वसाहत तारेच्या कुंपणाआड होती. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. आमचा जन्म त्यानंतरचा. कायद्याचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते. त्याची अंमलबजावणी मात्र आम्ही बिनपगारी करीत होतो.

पारधी चोऱ्या करीतच नाहीत काय, असे कोणी विचारील. काही करीत असतीलही. पण ज्यास राखणीवर कोणी ठेवीत नाही, घरकामास उंबऱ्याआत घेत नाही, आणि ज्याची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरली, त्याने खावे काय? काम नाकारावयाचे ते चोर म्हणून. आणि उपाशी माणसाने कोठे हात घातला की, 'पाहा, आम्ही म्हटलेच होते!' शिवाय या समजुतीत आमचा लाभही होता, हे लपवून काय उपयोग? तिची सीताफळे आम्ही निम्म्या भावाने घेत असू. माल चोरीचाच असणार, अशी आमची खात्री. आणि तिने तक्रार करावी तरी कोणाकडे?

पुढच्या दिवाळीस माळ्यावरून पणत्यांचा डबा काढला. वाटी त्यात होती. आम्हीच आवरून ठेवलेली. तेलाचा चिकट थर तिला तसाच होता. क्षणभर कोणी बोलले नाही. चौकीवर जाऊन सांगावे, असे मनात आले. पण 'आता वर्ष झाले' असे कोणीसे म्हणाले, आणि वाटी घासून, तेल भरून पाटाजवळ ठेवली गेली.

ओढ्याकाठची पाले त्याआधीच उठली होती. त्या वर्षी सीताफळे आम्ही बाजारातून आणली, पुऱ्या भावाने.