एकच आकडा तीनदा

महालात राहणाऱ्या माणसाला वेगमापकाची गरज तशी नसतेच. बडकस चौकातून गांधी गेटपर्यंत, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यापर्यंत, मोटार नेताना काटा शून्यावर असला काय आणि पंधरावर असला काय, फरक कळण्याचे कारण नाही. त्यामुळे आमच्या घरच्या मोटारीचा काटा मधूनमधून निजू लागला, हे आमच्या ध्यानात आले नाही. मोटार चालवीत ते बाबा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आम्ही स्कूटरवाले.

मोटार घेतल्यापासून बाबा एक वही ठेवीत आले आहेत. तारीख, कुठे गेलो, परतल्यावरचा किलोमीटरचा आकडा, पेट्रोल. गेल्या पावसाळ्यात ती सहज चाळताना आम्हांस दिसले की लागोपाठ तीन दिवस ६१,४८२ हाच आकडा आहे आणि तिन्ही दिवशी पुढे ‘धंतोली, ताईकडे’ अशी नोंद. चौथ्या दिवशी आकडा सरकलेला. पुढे पुन्हा एक आकडा दोनदा.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. एकच ओळ दोनदा आली की लेखनिकाची नजर घसरली, हे निदान आमच्या जिभेवर तयार असते. त्याच सवयीने आम्ही ठरवून टाकले की बाबा विसरू लागले. त्यांनी एकदोनदा ‘काटा मध्येच निजतो रे’ असे सांगितलेही होते. त्यावर आम्ही चष्म्याचा नंबर तपासायला सुचवले. महिनाअखेरीस मोटारीची किल्ली आमच्या टेबलाच्या खणात आली. बाबा काही बोलले नाहीत. वही मात्र खुंटीवरच्या पिशवीत तशीच राहिली.

मोटार विकायची म्हणून दाखवायला नेली, तेव्हा काटा हालेना. एका दुकानात सांगितले, पूर्ण मीटर बदला. किंमत ऐकून आम्ही केळीबाग रस्त्यामागच्या एका मिस्त्रीकडे वळलो. बाबाही सोबत आले. मोटार त्यांचीच होती.

‘मीटर मेलं असं कोण म्हणते जी?’ मिस्त्री म्हणाला. पेट्रोलचा काटा चालतो, तापमानाचा चालतो, म्हणजे मीटरला वीज पोचते आहे. बॉनेट उघडून त्याने गिअरबॉक्सवर बसवलेला बोटभर लांबीचा सेन्सर दाखवला. पूर्वीच्या गाड्यांत तिथून पीळदार केबल निघून मीटरपर्यंत फिरत जाई. या गाडीत सेन्सर गिअरच्या फिरण्याबरोबर विजेचे ठोके पाठवतो आणि मीटर ते मोजते. वेग आणि अंतर दोन्ही त्याच ठोक्यांवर चालत असल्याने दोन्ही एकदम थांबतात. आत चुंबक आणि हॉल परिणामावर चालणारी चकती असते. हा परिणाम एडविन हॉल याने १८७९ साली बाल्टिमोरला विद्यार्थी असतानाच शोधला, हे आम्ही घरी येऊन वाचले.

मिस्त्रीने सेन्सरची जोडणी सोडवली, इग्निशन चालू केले आणि संकेताच्या तारेचे टोक इंजिनाच्या धातूला भराभर टेकवले. आत बसलेले बाबा ओरडले, ‘हालला, काटा हालला!’ म्हणजे मीटर निर्दोष, तारही निर्दोष. मग जोडणी परत लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, एक पुढचे चाक जॅकवर उचलले. चाक हाताने फिरवताना त्या तारेवरचा दाब चढायला-उतरायला हवा होता. मल्टिमीटरवरचा आकडा ढिम्म. सेन्सर काढून त्याचे प्लॅस्टिकचे दातेरी चाक पाहिले, दाते शाबूत. तेव्हा कुठे तो म्हणाला, ‘सेन्सरच गेलं. एकदम नाही गेलं, गरम झालं की बंद पडत असन, थंड झालं की चालू. काकाजी, तुम्हाले दिसलं असन ना आधी?’

बाबांनी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ग्रीसचा हात पुसून पान पाहिले आणि म्हणाला, ‘हे आधी दाखवलं असतं तर जॅक लावाचं कामच नव्हतं.’

विष्णू सीताराम सुकथनकर १९२५ पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक होते. हाती आलेला पाठ खटकला म्हणून सुधारू नये, आधी पोथ्यांची साक्ष काढावी, ही त्यांची शिस्त आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. घरच्या पोथीला आम्ही साक्षीला बोलावलेच नव्हते. इतर कोणी असे केले असते तर आम्ही त्यावर तिखट परीक्षण लिहिले असते.

नवा सेन्सर बसला. परतीला किल्ली बाबांच्या हाती दिली. ती त्यांनी काही न बोलता घेतली आणि चिटणीस पार्काजवळच्या गर्दीतून गाडी आमच्यापेक्षा सफाईने काढली. रात्री ते वही घेऊन बसले. मधल्या दिवसांचे किलोमीटर पेट्रोलवरून काढता येतील, असे आम्ही सुचवले.

‘ते मी पाहिलेले नाहीत,’ म्हणत त्यांनी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि खाली त्या दिवसाचा आकडा लिहिला.