ओळंबा आणि उतार

जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि होळी झाली की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. खाली काळा कातळ, वर वीतभर माती, जमीन सगळी उताराची. पाणी थांबणार कुठं? ते ओहोळांतून पिंजाळ नाहीतर वैतरणा गाठतं. वैतरणेचं पाणी मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणात आणि त्याच्या खाली 1957 सालच्या मोडकसागरात साठतं, तिथून मुंबईच्या नळाला जातं. मुंबईकरांवर माझा राग नाही. पण आमच्या उतारावर ते पाणी चार घटका रेंगाळलं तर त्यांचंही काही बिघडणार नाही.

ते रेंगाळावं म्हणून चर खोदायचे तर आधी समपातळी सापडावी लागते. त्यासाठीचं हत्यार म्हणजे ए-फ्रेम: पुरुषभर उंचीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, आणि टोकापासून सोडलेल्या दोरीला दगड. गवंड्याचा ओळंबाच तो, फक्त पाय फुटलेला.

माझ्या आयुष्यात ही चौकट पहिल्यांदा आली ती हात लावायचा नाही या अटीवर. आई रोजगार हमीच्या कामावर चर खोदायला जायची. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन झाडाखाली बसायची. पँटवाला साहेब चौकट घेऊन पुढं जाई, मागचा माणूस चुन्याची खूण करी, आणि बायका त्या खुणांवर खोदत: दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती उताराच्या बाजूला. रेघ इकडून तिकडं वळत जायची. आई म्हणाली, "या सायबाला सरळ चालताच येत नाय," आणि सगळ्याजणी कुदळी टाकून हसल्या. रेघ वाकडी का, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मजुरी खोदलेल्या मापावर मिळायची; समज त्या मापात बसत नव्हती. आईनं किती डोंगर असे खोदले असतील, आणि एकदाही तो ओळंबा तिच्या हातात आला नाही.

डी.एड. करून मी आश्रमशाळेत शिकवायला लागले. भूगोलात समोच्च रेषा आल्या. रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र, दूर दूर असतील तर मंद, हे वाक्य पोरं एका सुरात म्हणत, आणि खिडकीबाहेर खरा डोंगर उभा असे. शेवटी एक दिवस मी अख्खा वर्ग बाहेर काढला. कोयते पोरांच्या घरी होतेच. चौकटीसाठी बांबू तोडायला त्यांना शिकवावं लागलं नाही, मलाच बाजूला व्हायला सांगितलं.

गंमत आहे ती चौकट जुळवण्यात. दोन दगडांवर ती उभी करायची, दोरी आडव्या काठीवर जिथं टेकते तिथं कोळशानं खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन दगडांवर परत उभी करायची, परत खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती समपातळीची. खालची जागा सपाट नसली तरी चालतं, एक पाय बोटभर लांब राहिला तरी चालतं. चौकट उलटी केली की चूक दुसऱ्या बाजूला तेवढीच दिसते आणि मध्य काढला की निघून जाते. इजिप्तमध्ये 1886 साली सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं उघडलं, त्यात अशीच चौकट निघाली, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका पोराचा प्रश्न होता, "त्याच्या दोरीला पण दगडच होता का?"

वारा सुटला की दगड झुलत राहतो. पोरांनी दगड सोडला आणि पाण्यानं भरलेली बाटली बांधली. चर कुठं घ्यायचा हेही त्यांनीच ठरवलं. खेकड्यांची बिळं कुठं आहेत, दिवाळीनंतरही कुठली माती ओली राहते, कुठं नुसता कातळ आहे, हे त्यांना पाठ होतं.

शाळा अशी बाहेर नेणं आमच्या भागाला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेचं कौतुक होतं ते हजेरीसाठी. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते: कुरणात मूल घरचं असतं आणि बाई पाहुण्या.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करायला सांगितलं. सक्ती झाली, पण वहीत. प्रकल्पाचे तयार तक्ते बाजारात मिळतात, पोरं ते चिकटवतात, आम्ही सह्या करतो. 5 जूनला वृक्षारोपण होतं, फोटो निघतो. पाऊस यायला तेव्हा अजून आठवडाभर असतो. तोवर निम्मी रोपं करपतात. आमच्या आजीनं त्या तारखेला साधा वेलही लावला नसता.

गेल्या उन्हाळ्यात पोरांची रेघ शाळेच्या कुंपणाबाहेर पडली आणि तीन-चार जणांच्या वरकस जमिनीतून गेली. एक आजा आडवा आला. "बाई, माझ्या नागलीच्या जागेत चर नको. आणि ही रेघ तर वर चढते." डोळ्यांना ती चढतेच, उताराच्या कडेला उभं राहिलं की कुणालाही तसंच वाटतं. पोरं म्हणाली, "आजा, तूच बघ." त्यानं चौकट घेतली, खुणेवर ठेवली, पाय बदलून परत ठेवली, दोरीकडं बराच वेळ बघितलं. बाटली काढून त्यानं स्वतःचा दगड बांधला आणि पुन्हा तेच केलं.

चर त्यानं होऊ दिला नाहीच. पण मे संपायच्या आत चुन्याच्या खुणांवर दगडांचा बांध रचला, एकट्यानं. आणि वरची दुसरी जमीन बघायची म्हणून चौकट घरी घेऊन गेला. ती अजून परत आलेली नाही; पोरांनी नवीसाठी बांबू तोडून ठेवलाय.