खरी थाप

थापा तरी किती प्रकारच्या असतात! पाठीवर पडणारी शाबासकीची थाप कोणाला नको असते? तबल्यावरची थाप मैफलीत रंग भरते. दारावरची थाप अवेळी आली तर छातीत धस्स होते. आणि गृहपाठाची वही घरी राहिल्याची जी थाप वर्गात मारली जाते, ती तर गुरुजींना पहिल्या शब्दालाच ओळखू येते! परंतु एक थाप अशी आहे, की तिच्यात खोटेपणाला तिळमात्र जागा नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाच्या, कुस्तीशी नाते सांगणाऱ्या विद्येच्या वर्गात ती ऐकू येते.

आपल्याकडचा मल्ल लाल मातीत उतरला म्हणजे शड्डू ठोकतो. 'ये, मी सज्ज आहे,' असे तो आवाज सांगतो. पुढे पाठ मातीला लागली, की कुस्ती निकाली झाली. जिउ-जित्सूत याच्या अगदी उलट. तेथे पाठ टेकल्यावरच खरी झुंज रंगते. खाली पडलेला खेळाडू आपले पाय ढालीसारखे पुढे धरतो, वरच्याला त्यांच्या विळख्यात घेतो आणि त्याच्याच भाराचा उपयोग करून त्याला उलथवतो. थापेचा अर्थही उलटा! ती 'ये' म्हणत नाही; 'पुरे, सोड,' असे म्हणते.

ही विद्या मूळची जपानची. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो शहरात कोडोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन केली. जुन्या जुजुत्सूतील घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने खेळण्याची वाट शिष्यांना मोकळी करून दिली. त्या शाळेत घडलेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले व पुढे ॲमेझॉन नदीच्या मुखाजवळील बेलेम या शहरी स्थायिक झाले. त्यांच्या परंपरेतून कार्लोस ग्रेसी या तरुणाने ही विद्या उचलली आणि आपल्या भावांसह रिओ द जानेरो येथे ती शिकवण्यास आरंभ केला. धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ. म्हणून अंगबळापेक्षा तरफेच्या तत्त्वावर त्याचा भर राहिला.

अशा एखाद्या वर्गात सायंकाळी डोकावून पाहावे. जाड सुती अंगरखे घातलेले विद्यार्थी गादीवर जमलेले असतात. कोणाच्या कमरेला पांढरा पट्टा, कोणाच्या निळा, कोणाच्या जांभळा वा तपकिरी. काळा पट्टा एखाद्याच्याच कमरेला दिसतो. कारण तो मिळवण्यात बहुधा दहाएक वर्षे खर्ची पडतात. प्रथम सारेजण पाठीवर पडून, कोळंबीसारखे अंग आखडत गादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातात. मग गुरू एक डाव दाखवतात आणि जोड्या-जोड्यांनी तो घोटला जातो. शेवटी येतो मोकळा सराव. ब्राझीलमध्ये त्याला 'लोळणे' अशा अर्थाचा साधा शब्द आहे. हातावर हात मारून दोघे झुंजू लागतात.

एका जोडीत वर आहे धिप्पाड तरुण आणि खाली आहे चणीने लहान अशी मुलगी. तरुणाचा हात जरा पुढे येतो, तोच ती कंबर वळवते, तो हात दोन्ही मांड्यांमध्ये पकडते आणि कंबर वर उचलू लागते. तरुणाचे कोपर आता सरळ ताणले गेले आहे. दंडातले सगळे बळ व्यर्थ. कारण कोपर उलट्या बाजूस वाकत नाही. 'आणखी क्षणभर तग धर,' असे अभिमान म्हणतो. परंतु तेवढ्या एका क्षणात स्नायुबंध फाटू शकतात आणि मग कित्येक महिने गादीचे दर्शन नाही. तरुण तिच्या पायावर दोनदा थाप देतो. त्याच क्षणी पकड सुटते. दोघेही हसतात आणि पुन्हा हातावर हात मारून नव्याने झुंजू लागतात.

मानेला पेच बसला तर अवधी याहूनही थोडा. मेंदूकडे जाणारे रक्त अडले, की काही सेकंदांतच माणसाची शुद्ध हरपते. हात अडकलेले असतील तर पायाने गादीवर थाप द्यावी, नाही तर तोंडाने सांगावे. समोरच्याने ती खूण तत्क्षणी मानलीच पाहिजे. जो मानत नाही, त्याच्याशी खेळायला मग कोणी धजत नाही. म्हणूनच जाणत्या गुरूच्या देखरेखीवाचून हे डाव कोणी करून पाहू नयेत.

ही थाप देणे थोरामोठ्यांनाही सोपे गेलेले नाही. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या विशाल माराकाना मैदानात एलिओ ग्रेसी यांची लढत जपानचे विख्यात ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांच्याशी झाली. किमुरा वजनाने आणि बळाने कितीतरी भारी होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी एलिओंचा हात पिरगळून खांद्याला जबर पेच घातला. एलिओंनी थाप दिली नाही! अखेर थोरल्या कार्लोसनेच टॉवेल टाकून लढत थांबवली. धाकट्याच्या हाताने न दिलेली थाप थोरल्याच्या मायेने दिली, असेच म्हणावे लागेल. पुढे ब्राझीलमध्ये त्या पेचाला नाव पडले ते 'किमुरा' हेच. ज्याने हरवले त्याचेच नाव या मंडळींनी आपल्या विद्येत जपून ठेवले. आज तो पेच जगभरच्या वर्गांत शिकवला जातो आणि तो बसला की शिकाऊ विद्यार्थी मुकाट्याने थाप देतात.

अशा एका सायंकाळी एखादा विद्यार्थी दहा वेळा हरतो, म्हणजेच दहा वेळा थाप देतो. वर्ग सुटल्यावर तो पट्टा सोडतो, अंगरख्याची घडी करतो आणि ज्यांनी आपल्याला हरवले त्यांच्याबरोबरच गप्पा मारीत घरी जातो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गादीवर हजर! हातपाय शाबूत, मनात किल्मिष नाही आणि काल आपले नेमके कोठे चुकले, हे त्याला पक्के ठाऊक झालेले असते.