बनी तो बनी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची ख्याती. गेल्या मे महिन्यात आमच्या फ्रिजनेही बर्फाच्या बाबतीत हेच धोरण स्वीकारले. बाहेर 43 अंश आणि ट्रेमध्ये नुसते पाणी! ‘गॅस गेला असणार,’ शेजाऱ्यांनी सांत्वन केले.

मी मात्र पद्धतशीर निदानाला बसलो. आतले बटण फिरवून पाहिले. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला; मागच्या जाळीतून उष्णता बाहेरच पडली नाही, तर आत गारवा यायचा कुठून? दारात 10 रुपयांची नोट अडकवून ओढली. नोट सहज निसटली, तर रबर सैल. आमची निसटली नाही, फाटली. म्हणजे रबर उत्तम!

दुपारी दोनला पाणी प्यायला उठलो, तर फ्रिजचे दार सताड उघडे आणि समोर पाट मांडून आई बसलेली.

“रोज बसतेस?”

“अरे, घटकाभरच. जीव नुसता तगमगतो बघ.”

घरातला एकुलता एक कूलर माझ्या खोलीत होता.

संध्याकाळी तो आईच्या खोलीत हलवला. दुसऱ्या दिवशी ट्रेभर बर्फ!

शेजाऱ्यांना मी सांगितले, “तुमचं बरोबर होतं. गॅसच गेला होता.”